स्पोर्ट्स कारला जॅकिंग रेल बसवावी का? सोलापुरातल्या नव्या मालकांसाठी

फोर्ड मस्टँग आपल्याकडे २०१६ साली अधिकृतपणे विकायला आली. पाच लिटरचं व्ही-८ इंजिन, उजव्या हाताचं स्टिअरिंग. तेव्हाच्या गाड्या आता दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे जाऊ लागल्यात, आणि त्यातली एखादी एमएच १३ होऊन आपल्या सात रस्त्यावरही दिसते. अशी गाडी घेतलेला माणूस पहिल्या महिन्यात दोन गोष्टी करतो. एक, रात्री पुणे रोडला मोहोळपर्यंत फेरी मारून येतो. दुसरी, परदेशातले व्हिडिओ बघत बसतो आणि गाडीच्या दोन्ही बाजूंना खालून बसवायच्या जॅकिंग रेलवर, म्हणजे गाडी उचलताना जॅक टेकवायच्या लांब धातूच्या पट्ट्यांवर, त्याचं मन जडतं. मग फोन येतो, ‘घेऊ का बे?’

बहुतेकांना माझं उत्तर एकच असतं: आत्ता नको. आधी खाचेचा रबर पॅड आणि बरा ट्रॉली जॅक (चाकांवर सरकणारा) घे. पण काही जणांना रेल खरंच लागते. आपण कुठल्या गटात बसतो ते ठरवायचं कसं, ते खाली क्रमाने सांगतो. घाई करू नका, पहिल्या दोन पायऱ्यांतच निम्म्या लोकांचा प्रश्न सुटतो.

१. आधी खाली वाकून बघा

दाराखालचा जो लांबट पत्र्याचा भाग असतो, त्याच्या तळाला बहुतेक गाड्यांना एक उभी कड खाली आलेली असते. दोन-तीन पत्रे एकमेकांना चिकटवून त्यांना स्पॉट वेल्ड, म्हणजे ठिपक्या-ठिपक्यांचं वेल्डिंग, मारलेले असतात, त्याची ही कड. तिला पिंच वेल्ड म्हणतात. पुढच्या चाकाच्या मागे आणि मागच्या चाकाच्या पुढे या कडेवर दोन खुणा असतात, खाचा नाहीतर बाण. तेवढ्या जागी कंपनीने आतून जादा पत्रा देऊन मजबुती केलेली असते. जॅक लावायचा तो तिथेच. मधल्या भागाला असा आधार नसतो.

मस्टँगसारख्या गाड्यांना अशी कड असते, आणि जॅकिंग रेल विकली जाते ती अशाच गाड्यांसाठी. तुमच्याकडे बीएमडब्ल्यू असेल तर दाराखाली प्लॅस्टिकचे चौकोनी ठोकळे दिसतील. त्यात बसणारा रबरी अडॅप्टर घेतला की झालं. पोर्शे बॉक्स्टर किंवा केमन असेल तर तिथे ठरावीक ठिकाणी खळग्याचे जॅक पॉइंट असतात, त्यात बसणारे पक, म्हणजे जाड गोल ठोकळे, मिळतात. या दोन्ही प्रकारच्या मालकांनी लेख इथे सोडला तरी चालेल, फक्त चौथी पायरी वाचून जा.

व्हिडिओंतला अजून एक घोळ. माझदा एमएक्स-५ या छोट्या उघड्या गाडीच्या मजल्याखाली पातळ पत्र्याच्या दोन लांब पन्हाळी असतात. गॅरेजवाले त्यांनाच जॅक लावतात आणि त्या चेपतात. त्यावर चढवायच्या जाड रेल तिकडे खूप विकल्या जातात. ती गाडी भारतात अधिकृतपणे कधी आलीच नाही. तेव्हा त्या व्हिडिओतला माणूस ‘रेलशिवाय गाडी उचलूच नका’ म्हणाला, तर तो तुमच्या गाडीबद्दल बोलत नाहीये.

२. कड आत्ता कशी आहे?

सेकंड-हँड गाडीची कड शाबूत असली तर आधीच्या मालकाचे आभार माना. बऱ्याचदा ती खुणेच्या आसपास एका बाजूला दुमडलेली असते. असं का होतं ते नीट समजून घ्या, कारण रेल घ्यायची की नाही याचं अर्धं उत्तर इथेच आहे.

ही कड उभा भार झकास पेलते. गाडी १७०० किलोच्या घरातली धरली तर एका कोपऱ्यावर चारशे-साडेचारशे किलो येतात, आणि खुणेच्या जागी तेवढं ती सहन करते. तिला सोसत नाही तो आडवा रेटा. उभं धरलेलं पोस्टकार्ड वरून दाबलं तर थोडा वेळ टिकतं, बाजूने बोट लावलं की लगेच मोडतं, तसंच.

हा आडवा रेटा येतो कुठून? ट्रॉली जॅकचा हात सरळ वर जात नाही, गोलाईत जातो. वर जाता जाता त्याची वाटी काही इंच मागे-पुढे सरकते. जॅकची चाकं मोकळी असली तर जॅक स्वतःच गाडीखाली सरकून तो फरक भरून काढतो. चाकं अडकली की सगळा रेटा कडेवर. आणि सोलापुरात चाकं कुठे अडकतात? शहाबादी फरशीच्या सांध्यात. आपल्या निम्म्या घरांच्या पोर्चमध्ये हीच फरशी, दोन फरशांमधलं सिमेंट झिजून बोटभर खोबण झालेली. जॅकचं छोटं लोखंडी चाक तिथे बरोब्बर जाऊन बसतं.

दुसरं कारण पंक्चरच्या दुकानात. विजापूर रोडच्या एका दुकानापाशी उभा राहून पाहिलेलं सांगतो. पोरगा बाटली जॅक घेऊन आला, गाडीखाली हात घातला, हाताला जो पहिला कडक भाग लागला तिथे जॅक टेकवला आणि म्हणाला, ‘हितंच लावतो मालक, सगळ्यांना हितंच लावतोय.’ बाटली जॅकचं डोकं रुपयाच्या नाण्याएवढं, लोखंडी. दुसऱ्या-तिसऱ्या दाबाला कडेवरचा काळा अंडरकोट (गंजू नये म्हणून मारलेला थर) टिकलीएवढा उडाला, खालचा पत्रा चकाकला, आणि कड हळूहळू आतल्या बाजूला लवली. आवाजसुद्धा आला नाही. मालक चहा घेत होते.

तर कड तपासा. थोडी लवलेली असेल तर दोन सपाट पट्ट्यांमध्ये धरून चांगला डेंटर ती सरळ करून देतो. मग जस्ताचं प्रायमर आणि वर अंडरकोट. पुन्हा पुन्हा वाकवून-सरळ करून पत्रा मऊ झाला असेल, स्पॉट वेल्ड सुटून दोन पत्र्यांत फट दिसत असेल, तर तो भाग आधी दुरुस्त व्हायला हवा. गंज असेल तर विशेष सावध राहा. सोलापूरची हवा कोरडी, इथेच वाढलेल्या गाडीला खालून गंज सहसा कमी लागतो. मुंबई, गोवा, कोकणातून आलेल्या गाडीचं तसं नसतं. स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने कडेलगत ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला, पापुद्रा सुटला, तर रेल विसरा. गंजक्या पत्र्यावर रेल चढवणं म्हणजे गंज झाकणं, आणि वर त्याच पत्र्यावर गाडीचा भार टाकणं.

३. तुम्ही गाडी वर्षात किती वेळा उचलता?

प्रामाणिकपणे उत्तर द्या. सर्व्हिससाठी गाडी पुण्याला जाते, तिथे गाडी उचलायची दोन खांबांची लिफ्ट आहे. अलाइनमेंटवाल्याकडे रॅम्प आहे. उरलं पंक्चर आणि एखाद्या वेळी ब्रेक पॅड बघणं. एवढ्यासाठी रेल म्हणजे हौस. हौसेला मोल नाही हे मान्य, पण तिला गरज म्हणू नका.

रेल कोणाला लागते? जो ट्रॅकवर जातो, म्हणजे चेन्नई किंवा कोइमतूरला, आणि टायरचे दोन सेट ठेवतो. जो स्वतः ऑइल बदलतो, ब्रेक उघडतो, सस्पेन्शनला हात घालतो. अशा माणसाची खरी अडचण वेगळीच असते आणि रेल विकणारे ती क्वचितच धड सांगतात. कंपनीने प्रत्येक कोपऱ्याला जॅकची एकच जागा दिलीय. तिथे जॅक लावला की गाडी वर गेली, पण आता जॅक स्टँड, म्हणजे उचललेली गाडी टेकवून ठेवायची घोडी, कुठे लावणार? ती जागा जॅकने अडवलेली. रेल असली की जॅक मधोमध लावता येतो, एक अख्खी बाजू एका दमात वर येते, आणि पुढच्या-मागच्या खुणांखाली दोन स्टँड सरकवता येतात. रेलची खरी कमाई ही.

‘गाडी कडक होते, वळणावर घट्ट बसते’ असं कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला. पुढची आणि मागची चौकट जोडणाऱ्या सबफ्रेम कनेक्टरने जुन्या, १९७९ ते १९९३ च्या मस्टँगना खरंच फरक पडायचा, कारण ती बॉडीच पिळवटायची. तो भाग वेगळा, काम वेगळं. अलीकडच्या मस्टँगची बॉडी मुळातच ताठ आहे. पत्र्याच्या कडेला बोल्टने धरलेल्या पट्टीने त्यात पडणारा फरक सीटवर बसून कळत नाही.

४. रेलच्या आधीचा उपाय

हा सगळ्यांसाठी. मधोमध खाच असलेला जाड रबर किंवा पॉलियुरेथेनचा पॅड घ्या. खाच इतकी खोल हवी की कड तिच्यात लोंबती राहील आणि भार कडेच्या दोन्ही बाजूंच्या सपाट पत्र्यावर येईल. कड खाचेच्या तळाला टेकत असेल तर त्या पॅडचा उपयोग अर्धाच. काहीशे रुपयांची वस्तू आहे, दोन घ्या, एक डिकीत टाका.

जॅक तीन टनी आणि कमी उंचीचा. बसलेला असताना आठ-नऊ सेंटिमीटरच्या वर नको, नाहीतर गाडीखाली जाणारच नाही. तरी अडला तर दीड इंची लाकडी फळ्यांवर आधी चाकं चढवून घ्या.

जमीन बघा. शहाबादी फरशी खालून पोकळ असेल तर स्टँडच्या चार पायांखाली ती तडकते. हातोडीने हलकं ठोकून पाहिलं की पोकळ फरशी बोलते. पेव्हर ब्लॉक तर एकेक करून खचतात. दोन्हीवर उपाय एकच, १८ मिमीचा प्लायवूड. जॅकखाली इतका लांब तुकडा हवा की त्याची चाकं त्यावरच सरकतील. एप्रिल-मेच्या दुपारी डांबरावर गाडी उचलायचीच नाही. बेचाळीस अंशांत डांबर मऊ होतं आणि स्टँडचे पाय रुततात. पहाटे करा. अंथरायला एखादी विटलेली चादर आपल्याकडे प्रत्येक घरात असतेच.

चाकांना उटी लावा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो. मागची बाजू उचलली की तो असून नसल्यासारखा, म्हणून पुढच्या चाकांना दोन्हीकडून ठोकळे. आणि नुसत्या जॅकवर असलेल्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. रेल असो, पॅड असो, जॅक कुठल्याही कंपनीचा असो. स्टँड लावा, गाडी त्यावर सोडा, हाताने हलवून बघा, मगच खाली सरका.

दोन-चार महिने असं करून बघा. तरी स्टँडच्या जागेची अडचण सारखी येत असेल, तर पाचव्या पायरीवर या.

५. रेल निवडताना

खालून बघून आकार ठरवा. पातळ पत्र्याचा किंवा ॲल्युमिनियमचा उघडा चॅनेल दिसायला छान असतो, पण मधोमध जॅक लावला की तोच वाकतो आणि भार कडेच्या मधल्या, आधार नसलेल्या भागावर येतो. ज्यासाठी रेल घेतली तेच होतं. एक बाजू पूर्ण उचलताना गाडीचं निम्मं वजन, म्हणजे साधारण साडेआठशे किलो, एका बिंदूवर येतं. ते पुढच्या आणि मागच्या मजबूत जागांपर्यंत पोचवायचं तर रेल बंद नळीसारखी, चौकोनी किंवा आयताकृती हवी. मी पोलादाची घेईन. ॲल्युमिनियम हलकं असतं खरं, पण ते आणि पोलाद ओल्यात एकमेकांना चिकटून राहिले की ॲल्युमिनियम खात जातं. मध्ये रबर किंवा जाड रंगाचा थर लागतो.

मग उंची. रेल कडेच्या खाली किती उतरते ते विक्रेत्याला मिलिमीटरमध्ये विचारा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या नियमातला गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो. मस्टँगचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २७२० मिमी. गतिरोधक बरोबर मध्यावर आला तेव्हा दोन्ही चाकं त्याच्याच उतारावर असतात, त्यामुळे पोटाकडे उंचवटा फक्त साडेपाच सेंटिमीटरच येतो. गाडीचा क्लिअरन्स (पोटापासून रस्त्यापर्यंतची उंची) १३५ मिमी धरला तर आठ सेंटिमीटर शिल्लक. रेल दोन सेंटिमीटर खाली आली तरी चिंता नाही.

हा हिशेब कागदावरचा. आपल्या कॉलन्यांतले गतिरोधक लोकांनी रातोरात सिमेंटने बांधलेले, हातभर रुंद आणि वीतभर उंच. तिथे चारही चाकं सपाट रस्त्यावर आणि उंचवटा पूर्णच्या पूर्ण पोटाला. अशा ठिकाणी प्रत्येक सेंटिमीटर मोजला जातो. रोजच्या रस्त्यावर गाडी आत्ताच घासत असेल तर कडेच्या पातळीतच राहणारी रेल मिळाली तरच घ्या. खाली उतरणारी रेल घासेल, आणि तिच्यासोबत कडही ओढली जाईल.

६. बसवताना: बोल्ट की वेल्डिंग?

बोल्ट. इथे मी ठाम आहे.

आपल्याकडे वेल्डिंग करणाऱ्यांची उणीव नाही. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या आसपास उसाच्या ट्रॉल्या बनवणारे, ट्रकच्या चॅसिस जोडणारे असे कसबी हात आहेत की बघत राहावं. पण त्यांचं काम जाड लोखंडावरचं, बहुतेक वेळा साध्या आर्क वेल्डिंगचं. मिलिमीटर-दीड मिलिमीटर पत्र्याला आर्क लावला तर भोक पडतं. सीओटू वेल्डिंगवाला डेंटर ते निभावून नेईल, तरी प्रश्न उरतोच. अलीकडच्या गाड्यांत दाराखालच्या भागाला उच्च ताकदीचं पोलाद वापरतात, आणि वेल्डिंगच्या उष्णतेने वेल्डच्या कडेकडेने त्याची ताकद घटते. आतल्या पोकळीतला गंजरोधक थर जळतो, तिथे ब्रश पोचत नाही. वर आत कार्पेट, वायरिंग, जवळून जाणाऱ्या ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या. जुन्या, साध्या पत्र्याच्या गाडीला वेल्डिंग करायचंच ठरवलं तर बॅटरी सोडा, सीट आणि कार्पेट काढा, नळ्या बाजूला घ्या आणि आग विझवायचं सिलिंडर हाताशी ठेवा.

बोल्टच्या रेलला कडेत भोकं पाडावी लागतात किंवा ती क्लॅम्पने धरते. भोकं पाडायची असतील तर स्पॉट वेल्डच्या गोल खळग्या टाळून दोन खळग्यांच्या मध्ये पाडा. भोकाच्या आत जस्ताचं प्रायमर लावल्याशिवाय बोल्ट घालू नका. एक गोष्ट मात्र बसवणाऱ्याच्या डोक्यावर उभं राहून बघा: रेलचा वरचा काठ पत्र्याला किंवा कडेच्या मुळाला संपूर्ण लांबीत टेकला पाहिजे. भार त्या टेकण्यातून जायला हवा, बोल्टचं काम फक्त रेल जागेवर धरून ठेवायचं. रेल अधांतरी लटकत असेल तर साडेआठशे किलो त्या बोल्टांवर येतील आणि दोन-तीन उचलण्यांत भोकं लांबट होतील. फट तपासायला जुनं एटीएम कार्ड घ्या. ते कुठे आरपार गेलं तर बोल्ट सैल करून पुन्हा जुळवा.

मग चाचणी. मधोमध जॅक लावून चाकं जमिनीपासून जेमतेम बोटभर उचला आणि थांबा. दार उघडून-लावून बघा. उचलण्याआधी जसं लागत होतं तसंच लागायला हवं. दार अडलं किंवा त्याची फट एका कोपऱ्यात दिसण्याइतकी बदलली, तर रेल मधूनच भार देतेय. गाडी खाली घ्या आणि त्या रेलचा मधोमध वापर बंद करा.

७. कागदपत्रांचं

मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मूळ बांधणीतल्या बदलांबद्दल आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते कडक अर्थानेच वाचलं. आरसी बुकातली कुठलीही नोंद बोल्टच्या, काढता येणाऱ्या रेलने बदलत नाही. बॉडीला वेल्ड केलेल्या लोखंडाबद्दल मी इतक्या सहज बोलणार नाही, ते आरटीओत विचारून घ्या. विमा कंपनीला मात्र दोन्ही बाबतींत लेखी कळवा. अपघातात दाराखालचा भाग चेपला तर सर्व्हेअर पहिला प्रश्न त्या रेलबद्दलच विचारील.

८. बसवल्यानंतर

पहिल्या काहीशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क पान्याने तपासा, नंतर दर सर्व्हिसला. दाराखालच्या पोकळीत शिरलेलं पाणी बाहेर जायला कडेलगत छोटी भोकं असतात. रेलने ती बुजली तर नाहीत ना ते बसवतानाच बघा, आणि पावसाळ्याच्या तोंडाला त्यातली माती तारेने काढा. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्यामुळे घरी पोटाखालून धुणं कोणी करत नाही. पावसाळा संपला की एकदा वॉशिंग सेंटरला नेऊन रॅम्पवर खालून धुऊन घ्या. रेल आणि पत्रा यांच्यामधल्या फटीत प्रेशरचं पाणी नीट मारायला सांगा, तिथे काळ्या मातीचा चिखल बसतो आणि दिवाळीपर्यंत ओला राहतो.